रुळांवरचं कुंकू

२२ सप्टें. ७८
घरी केलेल्या तिन्ही खेळण्यातल्या आगगाड्या आज पहिल्यांदा एकाच रुळावर सोडल्या. दोन फेऱ्या नीट. तिसरीत मालगाडी पॅसेंजरच्या पाठीत शिरली. सोल्डरचा एक जोड सुटलेला. रेडिओदुरुस्तीला कोणी आलं नव्हतं हे बरं, माझ्या तोंडचं ऐकून गिऱ्हाईक दारातूनच परतलं असतं.

दिवाळीनंतरच्या मंडईत, गावच्या जत्रेत, हे मांडायचंच. आपोआप थांबणारी गाडी आंधळगावाने कुठे पाहिली आहे!

दादा ओसरीवर, पाठ करून. खाणीच्या रेल्वे साइडिंगवर केबिनमन होता, दिवा बघून गाड्या सोडायचा, आता निलंबित. म्हटलं, दादा, जरा बटन दाब. "मी नाही लावत हात." संपलं.

२९ सप्टें.
जमलं! रुळाच्या ज्या तुकड्यावर गाडी असेल तिथून वीज वाहते, रिले म्हणजे विजेचा खटका ओढला जातो, त्या तुकड्याचा हिरवा दिवा विझतो आणि मागच्या तुकड्याची वीज तुटते. मागची गाडी जागच्या जागी उभी. आज एकही टक्कर नाही.

वहिनीने विचारलं, "भाऊजी, खाणीत बी असंच असते का जी?" म्हटलं, "तिथं नुसता दिवा असते. गाडी माणूस सोडते." दादा उठून बाहेर निघून गेला. माझी जीभ!

चौकशी दिवाळी झाल्यावर. दादाने उभ्या डब्यांवर इंजिन सोडलं, ड्रायव्हरचा पाय गेला. खाणीचे साहेब म्हणतात केबिनमन झोपला होता. दादा म्हणतो दिवा हिरवा होता. नंतर तपासला तर दिवा ठणठणीत. नोकरी जाईल, वर खटला. आणि मला तरी खात्री... जाऊ दे.

११ ऑक्टो., दसरा
सकाळी मी सोनं आणायला गेलेलो. वहिनीने माझ्या मागे दुकानातल्या हत्यारांची पूजा केली. संध्याकाळी लोक जमवले, बटन दाबलं. पॅसेंजर वळणावर अडकली. मागची थांबणारच म्हणून मी निवांत. ती आली आणि धाडकन! "आपोआप थांबते मने! हे तं आपोआप धडकून राहिली!" सगळे खिदळत घरी गेले.

वाकून पाहिलं. रुळांवर ओल्या हळदकुंकवाची बोटं, वाळून पापुद्रा झालेला. चाकांना वीजच नाही. गाडी उभी, पण रिलेच्या लेखी तुकडा रिकामा. वहिनी रडकुंडीला. "रूळ बी हत्यारच ना, भाऊजी?"

ओरडणार होतो, तेवढ्यात दादा येऊन मांडणीपाशी बसला. बोट दिव्याकडे.

"हिरवा हाय."

"कुंकवानं, दादा..."

"गाडी उभी हाय अन् दिवा हिरवा हाय." मग अगदी हळू, "तसाच होता रे."

विचारलं, तिथं रुळाला कुंकू कोण लावते?

"पावसाळाभर त्या लायनीवर डबाच नोता गेला. लालभडक गंज होता."

१८ ऑक्टो.
हे चौकशीत नेऊन दाखवायचं. माझे रूळ पितळेचे आणि पितळ असं गंजत नाही, म्हणून एक तुकडा लोखंडी पट्टीचा केला, मिठाच्या पाण्याने गंजवला. पॅसेंजरची मोटार काढून आत बल्ब बसवला, म्हणजे ती उभ्या डब्यासारखी. गंजाने वीज अडली तर बल्ब लागत नाही, मालगाडी धडकते.

जन्मभर बिघाड काढले, आता घालायला बसलो तर मेला बसेना! कधी धडकते, कधी शहाण्यासारखी थांबते. दादा म्हणतो, "असू दे तसाच." कसा असू दे? साहेबांपुढे थांबली म्हणजे?

३१ ऑक्टो.
दिवाळी. वहिनीने चकल्या केल्या, खाल्ल्या कोणीच नाहीत. बल्ब आज दिवसभर लागतो आहे. गंज परत चढवला. तरी लागतो. माझं डोकं फुटायची वेळ आली.

४ नोव्हें.
मांडणी ट्रंकेत, ट्रंक माझ्या मांडीवर, एस.टी.चा प्रत्येक खड्डा काळजात. चौकशीला तीन साहेब. बटनाकडे मी हात नेला तर दादाने तो धरून बाजूला केला. स्वतः दाबलं.

दिवा हिरवा. धडक.

एक साहेब चष्मा पुसू लागले. "परत दाखवा."

परत दाबलं. बल्ब लागला, दिवा विझला, मालगाडी अलगद थांबली. मेलो, म्हटलं. साहेब हसले. "मग? यातलं खरं कोणतं?"

"दोनी, साहेब," दादा उभा राहून म्हणाला. "तुमी पाह्यला तवा दिवा बराबर होता. मी पाह्यला तवा नोता. मी झोपलो नोतो."

साहेबांनी लिहून घेतलं. निकाल कळवू म्हणाले. चेहऱ्यांवरून काही कळेना.

परतीची बस धरली. मग दादा म्हणाला, "मंडईत गाड्या लावतं ना?"

म्हटलं, आधी निकाल काय लागते ते तं पाहू.

"लागंल तवा लागंल. बटनावर मी बसतो."

ट्रंक त्याने माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.