वरचे ढग उलटे

डोंबिवली पूर्व,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय कादंबरी,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे वयाला शोभतील असेच आहेत, पण गच्चीपर्यंतचे तीन मजले अजून चढू देतात. तुझी साखर आटोक्यात असल्याचं रसिकाकडून कळलं. तू माझ्याशी बोलत नाहीस, तरी लेकीला माझ्याकडे यायला कधी अडवलं नाहीस. तेवढ्या आधारावर लिहिते आहे.

गेला आठवडाभर तिचं यंत्र आमच्या गच्चीवर आहे. डब्याएवढा कॅमेरा, तोंड आकाशाकडे. तो उजेड पाहत नाही, ऊब पाहतो. ढग जितका उंच तितका गार, म्हणून त्याच्या उबेवरून उंची कळते. दर काही सेकंदांनी फोटो निघतो. ढग किती सरकला ते मोजलं की त्या उंचीवरचा वारा कळतो. तिथे कुणीही गेलेलं नसताना! पापड राखत बसावं तशी मी त्या डब्याशेजारी खुर्ची टाकून बसते.

मंगळवारी दुपारी खालचे ढग जरा फाटले. पडद्यावर ते उबदार ढग पांढरे दिसत होते, मलंगगडाच्या बाजूला निघालेले. फटीतून, खूप खूप वर, गार राखाडी ढग. ते मात्र समुद्राकडे चाललेले. एकाच आभाळात दोन वारे, एकमेकांच्या विरुद्ध, आणि खाली आपण कपडे वाळत घालतो. माझे हात आपोआप जोडले गेले.

रसिका म्हणाली, "मावशी, पावसाळ्यात असंच असतं. पण नुसत्या डोळ्यांनी कोण एवढं बघणार?"

"नऊ वर्षांची मुलगी," मी म्हणाले. "आमच्या खोपटच्या घराच्या गच्चीवर उताणी पडून. तुझी आई."

बाबांची ती हवामानाची वही. तू आडवी होऊन ढगांची दिशा सांगायचीस, मी कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात लिहायचे. त्या दिवशी तू म्हणालीस, वरचे ढग उलटे जातात. मी लिहीना, तेव्हा तू स्वतः पेन्सिलीने लिहिलंस. मी पुढे शाईने लिहिलं, 'खोटं'. बाबांनी मला विचारलं, तू पाहिलंस का? मी नाही म्हणाले. त्यानंतर तू गच्चीवर आली नाहीस, आणि तू काहीही बोललीस की बाबा आधी माझ्याकडे बघू लागले.

मी पाहिलं होतं, कादंबरी. तुझ्या शेजारी पडून, अगदी स्पष्ट. माझ्याआधी तुला दिसलं, एवढंच सोसलं नाही.

इतकं मी रसिकाला सांगितलं. पुढचं नाही, ते तुझं आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तू सासरहून, आंबिवलीहून एक पिशवी घेऊन आलीस. तिथे मारतात म्हणालीस. बाबांनी तेव्हाही माझ्याकडे पाहिलं. मी ताटं मांडत राहिले. संध्याकाळी ते तुला परत पोचवून आले.

निघण्याआधी चहाचा कप घेताना तुझी बाही वर सरकली होती. तेही मी पाहिलं होतं.

बाबांचा नियम तुला माहीत आहे. वहीत खाडाखोड नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, शेजारी खरं काय ते, आणि खाली दोन सह्या, लिहिणारीची आणि बघणारीची. ते पान सोबत पाठवते आहे. 'खोटं'वर मी रेघ मारली, शेजारी 'मीही पाहिलं' असं लिहिलं, सही केली. एकोणपन्नास वर्षं लागली. बघणारीची जागा मोकळी आहे. सही करावीशी वाटली नाही तर करू नकोस. पान तुझंच आहे.

आभाळ अजून काही दिवस दोन्हीकडे चालेल. गच्चीचं दार मी लावत नाही.

दोन्ही वेळा सगळं पाहिलेली,
तुझी ताई
उत्तरा