पुलाखालचं घर

याब्लान दो,
८ सप्टेंबर, सोमवार

प्रिय वेसो,

तुला, तुझ्या बायकोला आणि पोरांना माझे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य लिहायची हाताला इतकी सवय झाली आहे की बघ, लिहून मोकळी झाले. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. घरात रेंज येते ती फक्त बाबांच्या खिडकीत, आणि खिडकीखाली त्यांची खाट. मी बोलेन तो शब्द न् शब्द त्यांना ऐकू येतो. म्हणून गोठ्यात बसून लिहिते आहे. गाय माझ्याकडे संशयानं बघते आहे. शुक्रवारच्या बसचा ड्रायव्हर पत्र पॉडगोरिकाला टाकीन म्हणालाय.

आधी बातम्या सांगते. यंदा आलुबुखारानं फांद्या वाकल्या आहेत. त्यांची राकियाची दारू गाळायला शेजारचा क्र्स्तो येणार आहे, म्हणजे निम्मी चाखून बघण्यातच संपणार. परवा मला विचारत होता, "काय गं विदा, तुझा भाऊ लक्झेंबर्गात बस चालवतो ना? तिकडं म्हणे तिकीटच नाही. कुणीही चढा, कुठंही उतरा."

"हो, खरंय."

"मग त्याला म्हणावं, एकदा चुकून इकडं वळव की गाडी. आम्ही तिकीट काढू हवं तर!"

बायकोनं दटावलं तरी आपल्याच विनोदावर पाच मिनिटं हसत होता.

खानावळ मी बंद केली. ईस्टरलाच केली, तुला सांगायचं राहिलं. समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या ओळीनं उभ्या राहायच्या, ड्रायव्हर सरळ स्वयंपाकघरात शिरून भांड्याचं झाकण उचलायचे, ते सगळं नवा रस्ता सुरू झाला त्याच महिन्यात थांबलं. आठवड्याच्या दोन बस सोडल्या, तर आता जुन्या रस्त्यानं येतात ते वाट चुकलेले, नाहीतर सायकलवाले परदेशी. ते पाणी मागतात, बाबांच्या जुन्या पाटीचा फोटो काढतात आणि जातात. त्यांच्यासाठी कोकरू कशाला शिजवायचं?

देशाला रस्ता हवाच होता, मी नाही म्हणत नाही. एवढासा आपला देश, मुठीत मावेल असा, पण मध्ये हे डोंगर. आता उत्तरेकडची माणसं सकाळी निघून जेवायला समुद्रावर पोचतात. आपल्या डोक्यावरून जातात. दुपारी नव्या रस्त्याच्या पुलाची सावली अंगणात येते तेव्हा मी वाळत घातलेले कपडे सरकवते. वरून कधी बाटली पडते, कधी गाडीच्या चाकाचं झाकण. एकदा लहान मुलाचा बूट पडला, अगदी नवा. एकच होता, नाहीतर क्र्स्तोच्या नातवाला दिला असता. सामान खाली पडतं, माणूस मात्र खाली उतरू शकत नाही.

आणि का उतरू शकत नाही, ते तुला माहीत आहे.

नव्या रस्त्याचे मोजणीवाले आले होते तो उन्हाळा तुला आठवत असेल, कारण त्यानंतर तू एकदाच आलास. पुलावरून उतरायची वाट त्यांना आपल्या खालच्या कुरणातून न्यायची होती. त्या उन्हाळ्यात तू मुद्दाम रजा काढून आलास. टेबलावर मूठ आपटून म्हणालास, "आजोबांचं कुरण आहे. वीतभरसुद्धा देणार नाही." बाबांचे डोळे भरून आले. ते लोक गेल्यावर क्र्स्तोनं बंदूक काढून आकाशात बार उडवले, जणू लग्नच लागलं. मी स्वयंपाकघरात तुला हळूच म्हटलं होतं, "वेसो, जाऊ दे ना वाट. उद्या बाबा आजारी पडले तर?" तू काय म्हणालास? "बायकांची नजर रस्त्यावर, पुरुषांची जमिनीवर." आणि हसून माझ्याच हातची कॉफी प्यालास.

त्यांनी मग काय केलं? पुलाचे खांब जरा सरकवले, रस्ता उंच उचलला आणि उतरायची वाट बोगद्यापलीकडं नेली. आपण जिंकलो.

जमीन तुझ्या नावावर होती म्हणून तुझ्या नाहीला किंमत होती. माझा वाटा मी आधीच सोडला होता. नोटरीसमोर सही करून बाहेर आले तेव्हा बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या कपाळाचा मुका घेतला, "हा माझा मुलगा!" म्हणाले. आपल्याकडं लाडानं मुलीला मुलगा म्हणतातच. सही करायच्या वेळी तेवढी मी मुलगी होते. नसती केली सही, तर भावाकडून वाटा घेणारी म्हणून गावात माझ्या घरची कॉफी कुणी प्यालं नसतं. आता प्यायला गावच उरलं नाही, आम्ही आणि क्र्स्तोचं घर, बास.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

जूनमध्ये बाबा पायरीवरून घसरले असं मी तुला सांगितलं. ते घसरले नव्हते. सकाळी कपबशी हातातून सुटली, तोंड वाकडं झालं आणि एक बाजू गेली. मी खिडकीत जाऊन अँब्युलन्स बोलावली. थोड्या वेळानं त्यातल्या मुलीचा फोन आला.

"ताई, आम्ही पुलावर आहोत. घर दिसतंय तुमचं. लाल चादर वाळत घातलीय, तेच ना?"

"तेच, तेच! या लवकर!"

"येऊ कुठून? इथून उडी मारू का?"

"अगं, मग जुन्या रस्त्यानं यायचं ना!"

"जुन्या रस्त्यावर दरड आलीय, ताई. कालपासून बंद आहे. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

आम्हाला कोण कळवणार? येतं कोण इकडं? मी अंगणात धावले. वर कठड्याशी निळा दिवा फिरत होता, पांढऱ्या कपड्यातली ती मुलगी वाकून बघत होती. मी टॉवेल हलवत होते. का हलवत होते कुणास ठाऊक, त्यांना घर सापडलंच होतं. मग ते पुढे गेले, बोगद्यापलीकडं उतरून दरडीच्या त्या बाजूला येऊन थांबले. इकडून क्र्स्तोनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत पसरून बाबांना घातलं. दरडीवरून त्यांना घोंगडीत उचलून नेलं, क्र्स्तो आणि तो ड्रायव्हर एका टोकाला, मी आणि ती मुलगी दुसऱ्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. मी म्हटलं, हो.

तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. देते. तुझ्या त्या कुरणातून वाट आली असती, तर ती मुलगी चालत आपल्या दारात आली असती. कुरणात आता गवतसुद्धा कापायला कुणी नाही, काटेरी झुडपं माजली आहेत.

दर रविवारी तू फोन करतोस, बाबांना दे म्हणतोस, आणि मी सांगते, झोपलेत. इतके रविवार कोण झोपतं रे, वेसो? तू एकदाही विचारलं नाहीस. ते जागे असतात. माझ्याकडं बघत असतात. त्यांच्यासमोर त्यांची वाचा गेली हे कसं सांगायचं मला कळलं नाही, आणि सांगू नकोस असं त्यांच्या डोळ्यांत असायचं. मुलासमोर ते कधी आडवे पडलेले नाहीत.

समुद्रावर बार शहराच्या बंदरात कामगारांचं मोठं स्वयंपाकघर आहे. मामेबहीण मिलियाना तिथंच असते. एक ऑक्टोबरपासून मला काम आहे, वर राहायला खोली आहे. मी हो म्हटलंय. मी एकावन्न वर्षांची आहे. समुद्र शेवटचा पाहिला तेव्हा आई होती. दिवसभर डोक्यावरून लोक तिकडेच जात असतात आणि मी त्यांच्या खाली उभी असते. मला इथं गुदमरतं, वेसो. बाबांना सोडून जायच्या विचारानं त्याहून जास्त गुदमरतं. पण मी गेले नाही तर तू येणारच नाहीस, हे मला कळून चुकलंय. मी असेपर्यंत तुझं घर चालू आहे ना, तुला काय घाई?

तीस तारखेला, मंगळवारच्या बसनं मी निघणार. क्र्स्तोची बायको दोन दिवस सांभाळीन म्हणाली आहे, त्याहून जास्त तिला झेपायचं नाही. औषधं खिडकीत आहेत. जेवण मऊ लागतं, मक्याच्या पिठाचं काचामाक पातळ करून चमच्यानं भरव, घाई करू नकोस. कूस रात्री दोनदा बदलावी लागते. अंग पुसताना ते तोंड फिरवून घेतात, तेव्हा तूही दुसरीकडे बघ.

आणखी एक. त्यांना बोलता येतच नाही असं नाही. एक शब्द येतो. पाणी हवं असलं की तोच, दुखलं की तोच, अंधारात घाबरले की तोच. वेसो. दिवसातून शंभरदा म्हणतात, वेसो. मी हातातलं टाकून जाते आणि ओ देते. मग ते शांत होतात. मला ओळखून, की तू आलास असं समजून, ते मी कधी विचारलं नाही.

घर तुझं, कुरण तुझं, आणि हाकही तुझ्याच नावाची. तीस तारखेपासून ओ तू दे.

तुझी मोठी बहीण,
विदोसावा