आईला पाठ असलेला नंबर

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल. मान वर करायला फुरसत नाही. लिहायचं कारण, परदेशी निघताना तुझ्याकडे ठेवलेलं माझं जुनं सिम. बँकेचे कोड अजून त्याच नंबरवर येतात आणि तू ते मला पुढे पाठवतेस. वापर झाला नाही, तर कंपनी नंबर बंद करून दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते. तेव्हा रिचार्ज करत जा, अधूनमधून फोन लावत जा. त्याला जिवापाड जप, त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही.

दाजींना नमस्कार. आईला सांग, सवड झाली की फोन करतो.

तुझा,
धाकटा

२८ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुला कुणाची एवढी काळजी वाटते हे प्रथमच पाहिलं. सिमची तब्येत उत्तम आहे. ते घातलेला मोबाईल दाजींच्या दुकानात शिलाई मशीनवर, कात्रीशेजारी असतो. फोन लावायची आठवण आम्हाला ठेवावी लागत नाही, ते काम आई करते.

हल्ली ती बरंच विसरते. गॅस विसरते, माझं नाव विसरते. तुझा हा नंबर मात्र तोंडपाठ. रोज संध्याकाळी आतल्या खोलीतून लावते आणि तो बाहेर दुकानात वाजतो. पहिल्यांदा दाजी खरं सांगायला गेले, तर तिने बोलूच दिलं नाही. जेवलास का, अंगावर गरम काही घालतोस का, सुरूच. दाजींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि हो आई म्हणाले. तेव्हापासून मशीन चालवता चालवता ते तुझी नोकरी करतात, बिनपगारी. गिऱ्हाईक ताटकळलं तरी मीटिंगमध्ये आहे असं त्यांनी अजून म्हटलेलं नाही.

मला राग येतो, म्हणून उघडच लिहिते. तुझ्या कोडांना राखणदार हवा आणि आईला मुलगा. एकाच शिंप्याने दोन्ही किती दिवस व्हायचं? सिम या पाकिटात घातलंय. तिकडे चालेल अशी सोय दाजींनी करून घेतली आहे. फोन लागला नाही की आई रडते, तेव्हा मिळताच मोबाईलमध्ये घाल. संध्याकाळी वाजेल, तो उचल.

लोभ आहेच, पण तोही वापरला नाही तर बंद पडतो.

तुझी,
ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सिम मिळालं. फोन आला तेव्हा मी खरंच मीटिंगमध्ये होतो. हस. सगळ्यांसमोर उठून जिन्यात आलो आणि म्हटलं, आई, मी बोलतोय. तिने विचारलं, मी म्हणजे कोण. सांगितलं तर म्हणाली, माझ्या मुलाचा आवाज मला कळत नाही होय? त्याचा मोबाईल तुमच्याकडे कसा आला, त्याला द्या. मला चांगलं झापलं आणि फोन ठेवला. रोज हेच चाललंय. मी रडलो, हेही दाजींना सांगितलंस तरी चालेल.

बँकेला इथूनच माझा इथला नंबर कळवला. चहा पिऊन होईपर्यंत बदलूनही मिळाला, म्हणजे एवढी वर्षं मी उगाच टाळलं. सिम मात्र परत पाठवत नाही. दाजींना विचारून कळव, ते आधी काय बोलतात, मध्ये किती थांबतात, ती रागावली तर कसं समजावतात.

काल ती म्हणाली, तुम्ही लबाड आहात, माझ्या मुलाच्या मागे मशीन चालू असतं. मी इथे एक जुनं शिलाई मशीन बघून ठेवलंय. उद्या आणतो.

रागावलीस तरी पत्राला उत्तर दे.

तुझा,
धाकटा