गरवायला निघालेल्याला विचारू नये

बाबा, तुमची नात या घटकेला कमरेएवढ्या लाटांत उभी आहे आणि मी साउथहॅम्प्टनच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. हातांना काही काम दिलं नाही तर ते फोन उचलतील, आणि मी फोन केला की ती चिडेल. नोव्हेंबर संपत आलाय. बाहेर ऊन आहे, पण ते नुसतं दाखवायचं ऊन. दोरीवर विसरलेला टॉवेल सकाळी पापडासारखा ताठ झाला होता. अशा थंडीत रबराची छातीपर्यंत येणारी विजार चढवून एखाद्या शहाण्या मुलीने समुद्रात का उभं राहावं, ते मला विचारू नका. तुमच्याकडूनच आलंय. मला वगळून थेट तिच्यात उतरलं.

इथे बास नावाचा मासा मिळतो. आपल्या जिताड्याचा लांबचा भाऊ म्हणा, तसाच चंदेरी आणि तसाच उर्मट. हिवाळ्यात खोल पाण्यात जाण्याआधी तो खाऊन खाऊन माजलेला असतो आणि वादळ सरलं की लाटांनी ढवळून काढलेल्या फेसात अगदी काठाशी येतो. म्हणजे घरात पांघरूण घेऊन बसावं असा जो दिवस, तोच हिचा निघायचा दिवस. बहुतेक वेळा मोकळ्या हातांनी येते. लागलाच आणि मापाहून लहान निघाला, तर गळ सोडवून परत पाण्यात. आमिषाचे किडे मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. मी ओरडले की म्हणते, "आई, आजोबांचा कोलंबी पण माठाजवळ असायचा ना? तूच सांगितलीस." तिचं मराठी असं, लंगडत का होईना पण चालतं. तुम्हाला तिने पाहिलेलंही नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मायची होती. पण मी सांगितलेलं तुमचं सगळं तिने उचललं, आणि त्यातलं एक नको ते मीच तिच्या हातात दिलं.

तुम्हाला आठवतं का, मी तुम्हाला पहिल्यांदा विचारलं ती सकाळ? रविवार होता. आठवडाभर हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, ग्रहणात आम्हाला मुद्दाम पोहे खायला लावणारा माणूस रविवारी गळ टाकायला गरीची दोरी आणि कोलंबीचा डबा घेऊन निघाला की अगदी वेगळाच व्हायचा. तुम्ही पायरी उतरत होतात. मी नुकतीच शाळेत जायला लागलेली, मागून हाक मारली, "बाबा, कुठे चाललात?" आई आतून धावत आली, पण तोवर शब्द सुटला होता. तुम्ही रागावला नाहीत. परत वळलात, पायरीवर बसलात, आईकडून गूळपाणी मागून घेतलंत, सावकाश प्यायलात आणि उठून गरी खुंटीला लावलीत. "आज संपलं," म्हणालात. मग मला जवळ घेऊन बजावलंत की गरवायला निघालेल्याला कुठे म्हणून विचारू नये, मासा ऐकतो. मी विचारलं, माशाला कान कुठे असतात? विज्ञानाचे मास्तर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "असतात. आतून." त्या दिवशी तुम्ही घरी बसून सहामाहीचे पेपर तपासलेत आणि म्हणे अख्ख्या वर्गाला इतके कमी मार्क दिलेत की दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, घरी काही झालं का. ही गोष्ट मी इथे कितीदा तरी सांगितली. सगळे हसतात. तुमची नात सगळ्यांत जास्त हसते, आणि तिने तो नियम पाळायला घेतला.

दुसरी एक सकाळ आहे, ती मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. पावसाळा नुकताच सरलाय, समुद्र अजून खवळलेला, आणि तुम्ही पहाटे निघून गेलायत. दुपार होते, जेवणाची वेळ टळते, तरी तुमचा पत्ता नाही. शेजारचे काका ओट्यावर येऊन विचारतात, "वहिनी, मास्तर कोणत्या अंगाला गेलेत? खडपात की खाडीच्या तोंडाला?" आई भाकरी थापते आहे. थापता थापता म्हणते, "विचारलं नाही." काका ओट्यावरून उतरून वाडीतली माणसं गोळा करतात. दोघं खडपाच्या खडकांकडे जातात, दोघं खाडीकडे. आई भाकऱ्या थापतच राहते, टोपली भरली तरी थापते, आणि मी मोजावं तसं तिच्या हातांकडे बघत बसते. मग तुम्ही तिसऱ्याच वाटेने, मागच्या परसातून येता. गुडघा फुटलेला, हातात कल्ल्यांत बोट घालून धरलेला एवढा मोठा जिताडा आणि तोंडभर हसू. आईने तो मासा घेतला, विळीवर बसून कापला, आमसूल घालून कालवण केलं, तुम्हाला वाढलं, मला वाढलं. तिच्या ताटात ताकभात होता. तुम्ही म्हणालात, अगं, पोटातला तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय. ती म्हणाली, मला आज भूक नाही. मला ते खरं वाटलं होतं.

आता ऐका. मागच्या पंधरवड्यातला रविवार. जावई तुमचा पुण्याला, त्याच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून. पोरगी उजाडायच्या आधी उठली, मी अंथरुणातूनच तिच्या बुटांचा आवाज ऐकला. दारातून "येते हां आई!" म्हणाली. एवढं शिकलीय, जाते म्हणत नाही. मी "ये" म्हटलं आणि कूस बदलली. नाश्त्यापर्यंत येते नेहमी. आली नाही. फोन लावला तर थेट व्हॉइसमेलवर. मी पोह्यांना कांदा चिरला. परत लावला. पुन्हा तेच. मग मी कांदा तसाच टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले, आणि बाबा, मला समोरच्या कुंपणाऐवजी पाणी दिसायला लागलं. मी इथल्या हॉस्पिटलात एक्सरे काढते. थंड पाण्यातून बाहेर काढलेली माणसं माझ्या टेबलावर आलेली आहेत. त्यांच्या कातडीचा रंग मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांची भीती मोघम असते, माझी तशी नव्हती.

तिच्याबरोबर कधीमधी गरवायला जाणाऱ्या मित्राला फोन केला. पंजाबी घरातला मुलगा, नॉटिंगहॅमला वाढलेला, मला आंटी म्हणतो. झोपेतून उठला बिचारा. "शी नेव्हर सेज, आंटी. इट्स युअर फॅमिली थिंग, इझन्ट इट? इफ शी टेल्स एनीवन, द फिश विल हिअर." तो ते प्रेमाने सांगत होता. मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि मग तुमचा.

मग मी नऊ-नऊ-नऊ फिरवला आणि कोस्टगार्ड मागितलं. फोनवर एक बाई होत्या, आवाज अगदी शांत. "विच बीच, लव्ह?"

"आय डोन्ट नो."

"दॅट्स ओके. विच वे डिड शी ड्राइव्ह?"

"आय डोन्ट नो. वी डोन्ट आस्क."

"यू डोन्ट आस्क," त्या म्हणाल्या. दोष देत नव्हत्या, लिहून घेत असाव्यात. पश्चिमेला डोर्सेटपासून पूर्वेला ससेक्सपर्यंत नुसता किनाराच किनारा आहे, बाबा. आपल्याकडे निदान खडप की खाडी एवढंच होतं. मी गाडीचा नंबर सांगितला, रंग सांगितला, जॅकेट कोणतं ते सांगायला गेले तर तेही नीट आठवेना. त्या म्हणाल्या, किनाऱ्यांवरच्या गाड्या बघायला माणसं पाठवतो, तुम्ही घरीच थांबा. थांबा म्हणजे काय करा? मी परत स्वयंपाकघरात आले. माझ्या हातांनी आपोआप डबा उघडला, परातीत पीठ काढलं, आणि भाकरी थापायला घेतली. मला भाकरी धड येत नाही. तरी थापत राहिले. तेव्हा मला आईची ती टोपली समोर दिसली, आणि तिचा ताकभात, आणि तिला भूक का नव्हती ते. इतक्या वर्षांनी मला तुमचा राग आला, असा राग की मी एकटीच मोठ्याने बोलले, "मासा ऐकतो म्हणे! आणि बायको ऐकत नाही?" तुमच्याशी मी असं कधी बोलले नसते. पण घाबरलेल्या माणसाला थोरलं-धाकटं राहत नाही.

ती आली. आधी आली म्हणून सांगते आणि मग कशी ते. दारात उभी, ओठ जांभळे, अंगात कुणातरी म्हातारबाबांचा हातभर मोठा स्वेटर. लाटेने किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून तिचे पाय काढून घेतले होते. त्या रबरी विजारीत पाणी भरलं की माणूस दगड होतो. रॉड गेला, फोन गेला, ती गोट्यांवर नखं रुतवत रांगत बाहेर आली. कुत्र्याला फिरवायला आलेल्या त्या गृहस्थांनी तिला गाडीत बसवून हीटर लावला, चहा पाजला, आणि फोन पुढे केला, तर हिला आईचा नंबर पाठ नाही. "मला तुझी नंबर माहीत नाही आई, तो फोनमध्ये असतो," म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला रागावले नाही. कोस्टगार्डच्या बाईंना कळवलं, तिला गरम पाण्यात बसवलं आणि त्या वेड्यावाकड्या भाकऱ्यांवर लोणी घालून तिला भरवलं. तिच्या नखांतली वाळू मी काढत होते.

मला वाटलं होतं, झालं, संपलं आता. पण ती तुमची नात. नवा फोन घेतला, मित्राचा जुना रॉड मागून आणला, कमरेला घट्ट पट्टा बांधायचा म्हणजे विजारीत पाणी शिरत नाही असं मला समजावून सांगितलं, आणि आज सकाळी परत बूट घातले. मी जिन्याखाली उभी होते. तिने दाराच्या कडीला हात लावला आणि मी म्हटलं, "कुठे चाललीस?"

ती थांबली. खरंच थांबली, बाबा, तुमच्यासारखीच. वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी देव्हाराच पालथा केला होता. "आई! नाऊ यूव्ह रुइन्ड इट."

"हो. कुठे चाललीस?"

मग ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी फुलपात्रात पाणी आणलं, गुळाचा खडा आणला. तिने खडा तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि मला किनाऱ्याचं नाव सांगितलं, गाडी कुठे लावणार ते सांगितलं, कोणत्या लाकडी बांधाजवळ उभी राहणार तेही सांगितलं. मला वाटलं, आता गरी खुंटीला लागणार. तसं काही झालं नाही. "येते हां," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून ते नाव मी मनात घोकते आहे. नाव माहीत असलं की भीती जाते असं मला वाटलं होतं. जात नाही. फक्त आता भीतीला उभं राहायला एक जागा मिळाली आहे, आणि त्या जागेवर माझी पोर.

इथपर्यंत लिहिलं आणि गाडीचा आवाज आला. मी पेन तसंच टाकून धावले. नाक लाल, केसांत मीठ, हात रिकामे. "एक पण मासा नाही," बुटांच्या नाड्या सोडत मला सुनावलं. "बिकॉज यू आस्क्ड." मी म्हटलं, "हो, मी विचारलं म्हणून. पुढच्या रविवारीही विचारणार आहे." ती वर अंघोळीला गेली आहे, पाण्याचा आवाज येतोय. मी पिठलं टाकलंय आणि मला चांगली भूक लागली आहे.

हे पत्र कुठे टाकणार? टेबलाच्या खणात जाईल. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, ती आईलाही माहीत नव्हती. तुम्ही गेलात त्या सकाळी आई खाली औषध आणायला गेली होती, खोलीत मी एकटी होते. तुमचा श्वास लांब लांब होत चालला होता. मी वाकून तुमच्या कानाशी विचारलं, "बाबा, कुठे चाललात?" मला वाटलं होतं, तुम्ही वळाल. पायरीवर बसाल, गूळपाणी मागाल, आज संपलं म्हणाल आणि घरी राहाल. तुम्ही ऐकलं नाहीत. त्यानंतर मी कुणालाच विचारलं नव्हतं, आज सकाळपर्यंत.