एकटा स्पीकर घेत नाही

९ जानेवारी २०२५, दिग्रस

यवतमाळहून अमरचा फोन. आमच्या गाण्याच्या शौकिनांच्या ग्रुपमधल्या चौदा जणांना स्पीकरचा कारखाना आतून पाहायची परवानगी मिळाली – शनिवार, अठरा तारीख, सकाळी अकरा, एमआयडीसी. "वाहिदभाई, तुम्ही पाह्यजेच. हातानं कॉईल गुंडाळणारा आपल्यात दुसरा कोन हाय?"

कोणीच नाही. ग्रुपमध्ये डॉक्टर आहेत, दोन प्राध्यापक आहेत, विलायती अॅम्प्लिफायरवाले आहेत. स्पीकर जळला की सगळे माझ्याकडे येतात.

दुपारी एक माणूस एकच स्पीकर घेऊन आला. परत पाठवला. दुकानावर पाटी आहे, २००५ पासून – एकटा स्पीकर घेत नाही, जोडी आणा. स्पीकरच्या पडद्याचा नवा कागद आणि जुना कागद शेजारी शेजारी वाजले की आवाज पोकळ होतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, मी कानांनी शोधलं. तो म्हणे, "दुसरा चांगला हाय ना चाचा, त्याले कायले फाडता?" समजावून सांगितलं. पटलं नाही. जाऊ दे.

१२ जानेवारी

कारखान्यात दाखवायला एक आठ इंची स्पीकर नेणार. कागदामागची तारेची कॉईल आज गुंडाळली – दोन थर, एकेका थरात अठ्ठेचाळीस वेढे, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. भिंगाखाली पाहिली. तार नव्हे, काचेचं नळकांडं वाटावं अशी.

गुंडाळताना खेमसिंगभाऊ आठवले. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. बसस्टँडसमोर त्यांचं दुकान, रेडिओ आणि स्पीकर. ते कोणाला शिकवत नसत आणि काउंटरच्या आत घेत नसत. १९९२ साली मी आठ महिने रोज बाहेरच्या बाजूने काउंटरवर हनुवटी टेकून उभा असायचो. ते माझ्याकडे तोंड करून बसत. कॉईल गुंडाळायच्या मशीनचं टोक माझ्याकडे, हँडल त्यांच्याकडे. मी नुसती तार कशी चढते ते पाहायचो आणि वेढे मोजायचो. एक दिवस म्हणाले, "पाहून पाहून डोळे फुटतीन ना रे तुहे." नवव्या महिन्यात मी घरी सायकलच्या हबचं मशीन बनवलं आणि पहिली कॉईल गुंडाळली. वाजली!

कोणी शिकवलं नाही. पाहून शिकलो. हे मी सगळ्यांना सांगतो.

१५ जानेवारी

मार्केट यार्डाजवळ कापसाच्या गाडीवर घनश्याम दिसला. त्याने मान हलवली. मीही हलवली. एकवीस वर्षं आमचं बोलणं एवढंच.

त्या दोन बॉक्सची आठवण दिवसभर गेली नाही. १९९६. घनश्याम कामाला होता त्या जिनिंगमध्ये नवीन मशीन आलं होतं, त्याच्या पेट्यांच्या फळ्या त्याने मागून आणल्या. रंधा त्याने मारला, मापं मी घेतली. कंपनीचे बारा इंची स्पीकर, प्रत्येक बॉक्समध्ये एक. आत सरकी काढलेला त्याच्याच शेतातला कापूस भरला. दर रविवारी दुपारी त्याच्या घरी – पोत्यावर आम्ही दोघं, मध्ये शेंगदाण्याचं ताट, कॅसेट अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. ढोलकीची थाप पोटात बसायची. कोकिळावहिनी आतून ओरडायच्या, "भांडे हालून राह्यले वं माय!" आम्हाला त्याहून मोठी शाबासकी कोणाची नको होती.

२००४ मध्ये त्याच्या भावाच्या हळदीत उजवा स्पीकर जळला. मी दोन दिवसांत करून दिला. आठवड्याने तो दुकानावर आला – "वाहिद, काहीतरी गडबड हाय. दोन्ही बॉक्स एकमेकासंगं भांडून राह्यले. ढोलकी पार गेली." मी लाल वायर लालला, काळी काळीला, सगळं पाहून लावलं होतं. चार गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हटलं, "जिनिंगच्या आवाजानं तुह्ये कान गेले, घनश्या. कान दाखव, बॉक्स दाखवू नको."

गिऱ्हाइकं हसली. तो उठून गेला. मग रविवार संपले.

१७ जानेवारी

शर्टाला इस्त्री केली. गझाला म्हणते, "कारखाना पाहायला चालले का दुसऱ्या निकाहला?" आठ इंची टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत. पहाटेची एसटी, दारव्ह्यावरून.

१८ जानेवारी, यवतमाळहून परत

आधी चांगलं लिहितो. दारातच गोंदाचा वास आला, तसाच, खेमसिंगभाऊंच्या काउंटरचा. आत चाळीस बाया एका रांगेत, कागदाला कड चिकटवत होत्या. आमचे डॉक्टर आणि प्राध्यापक लहान पोरांसारखे मोबाइलवर फोटो काढत होते. कॉईलच्या मशीनसमोर मी वीस मिनिटं उभा होतो. एका मिनिटाला सहा. माझ्या हाताला एकीला अर्धा तास लागतो. पण त्यांच्यात एका कॉईलचा शेवटचा वेढा सैल होता, मी दाखवला, आणि त्यांनी ती बाजूला काढली. हे लिहून ठेवतो.

शेवटी तपासणीचं टेबल. तिथे निकिता नावाची इंजिनियर, असेल पंचविशीची. अमरने माझं आठ इंची पुढे केलं – "आमच्या वाहिदभाईंच्या हातचं काम पाहा मॅडम." तिने भिंगाखाली धरलं आणि म्हणाली, "हे हाताने केलंय? आमच्या मशीनला जमत नाही असं." सगळे माझ्याकडे पाहत होते. मग तिने ते टेबलावरच्या मशीनला जोडलं. लाल दिवा लागला.

"काका, हा उलटा आहे."

मी म्हटलं, तुमचं मशीन तपासा. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने घड्याळाचा साधा सेल घेतला. सेलची वरची बाजू स्पीकरच्या लाल खुणेला लावली की कागद बाहेर यायला हवा. माझा आत गेला. पुन्हा लावला. पुन्हा आत.

अमर म्हणाला, "चालते हो, वायर फिरवली की झालं." एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. दारव्ह्याला चहा घेतला नाही.

१९ जानेवारी

दुकानात माझ्या हातचे अकरा स्पीकर आहेत. सेल घेऊन बसलो. अकराच्या अकरा आत.

मी सेल तेहेतीस वर्षं वापरतो. खर्र आवाज आला की कॉईल जिवंत. कागद कुठे जातो ते कधी पाहिलं नाही.

२० जानेवारी

कारण सापडलं. जेवताना. खेमसिंगभाऊ आत बसत, मी बाहेर. त्यांच्या बाजूने तार उजवीकडे चढे, माझ्या बाजूने डावीकडे. मी जे पाहिलं तेच केलं. हुबेहूब केलं.

२१ जानेवारी

म्हणजे पाटीही खोटी. जोडी माझ्याकडून झाली की दोन्ही उलटे, म्हणून बरोबर वाजायचे. एकटा केला की एक कागद बाहेर येताना दुसरा आत जायचा, आणि ढोलकी मधल्या मध्ये मरायची. नवा कागद, जुना कागद – वीस वर्षं मी लोकांना हे समजावत होतो. शपथेवर.

पाटीच्या आधी असाच एकटा स्पीकर मी घनश्यामचा केला होता. कान त्याचे गेले नव्हते.

२३ जानेवारी

जायला हवं. गझालाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बसले कायले?" तुरी काढायचे दिवस आहेत, तो घरी नसेल, असं म्हटलं.

२६ जानेवारी

गेलो नाही.

२९ जानेवारी

पाटी काढली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. एक गिऱ्हाईक म्हणे, "चाचा, आता एकटा घेता का?" घेतो म्हटलं. कारण विचारलं नाही त्याने, बरं झालं.

आज एक कॉईल उजवीकडून गुंडाळली. बोटं ऐकत नाहीत. तीनदा तुटली.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी गेलो. पाना, पकड, शिसं, सगळं घेऊन. घनश्याम ओसरीवर होता. बोलायचं म्हणून आठ दिवस घोकलं होतं, त्यातलं एवढंच निघालं – "उजवा बॉक्स खोलाचा हाय. चूक माही होती."

तो म्हणाला, "राहू दे ना आता. बरा वाजते."

मी ऐकलं नाही. मागचे चार स्क्रू काढले, कापूस बाजूला केला. लाल वायर काळीवर होती, काळी लालवर. शिशाचे ओबडधोबड गोळे, माझे नव्हेत. वर जुन्या कापडी टेपची पट्टी, हात लावताच तडकली.

"हे कधी केलं?"

"त्याच हप्त्यात."

"मले सांगाचं ना."

"आलतो सांगाले. दुकानात लोकं बसले होते. तालुक्यात माह्यासारखी कॉईल कोनी गुंडाळत नाही, असं सांगून राह्यला होता तू त्याइले." तो शेंगा सोलत होता, वर पाहिलं नाही. "वापस आलो."

वायर तशाच ठेवल्या. कापूस भरला, झाकण लावलं, चारही स्क्रू. कोकिळावहिनींनी भांडी आधीच खाली काढून ठेवली होती.