मक्याची भाकर आणि बाईंचा प्रश्न

टेक्सास, १९ ऑक्टोबर १९८६

आई, तुझ्या चंद्रकलेचा जयभीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. हिरामणदादा, हे आईला सावकाश वाचून दाखव. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेला होतात ना? आईचा गुडघा चालू देतो का?

काल आमच्या प्रोफेसर बाईंनी मला एका भारी मेक्सिकन हॉटेलात नेलं. मक्याची भाकर रुमालात गुंडाळून आली, गरम, थेट चुलीवरची वाटावी अशी. मी हातानं मोडली, तर बाईंनीही काटा-सुरी बाजूला ठेवली. उसळीचा मात्र हॉटेलवाल्यांनी पार लगदा केला होता. जपून खा म्हणून दिलेली चटणी आपल्याकडे लहान लेकरानंही खाल्ली असती. निम्मं ताटातच राहिलं. तू रागावली असतीस.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणखी तीन वर्षं राहा, पीएचडी कर. नाताळपर्यंत सांग." हातातला तुकडा मी परत ताटात ठेवला. आपल्या गावच्या, सौंसरच्या पोरींना शिकवायचं ठरवून मी इथं आले. पण अर्धवट शिकून त्यांना काय शिकवणार? सकाळपासून खोलीत नुसत्या फेऱ्या मारते आहे.

आई, तू दर पत्रात विचारतेस, "कवा येऊन राहिली वं पोरी?" बाई म्हणतात, राहा. तुझ्या 'येऊन राहिली'तही राहणं आहेच. शब्द एकच, पण मी कोणाचा ऐकू?

दादा, आईला विचार. ती म्हणेल ते तिच्याच बोलीत लिही, सुधारू नकोस.

तुमची,
चंद्रकला