काट्याच्या नावावर

साखर कारखाना वसाहत,
ता. नेवासा
मार्च १९९६

प्रिय चेतन,

जय भीम. तुझं कार्ड मिळालं. माझ्या मर्यादेनं माझा बाप मारला, नोकरी सोडली, मला पत्र लिहू नकोस, संपलं कार्ड! वा रे शहाण्या. लिहू नकोस म्हटल्यावर भारती गप्प बसेल असं वाटलं असेल, तर इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून तू मला ओळखलंच नाहीस. आधी खूप रडले, मग तुझा राग आला, आणि आता लिहायला बसले आहे. पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तू यायच्या आधीचे हंगाम आठवतात का रे तुला? तू तेव्हा कॉलेजात होतास, पण तुझे वडील, आपले कचरूमामा, उसाच्या टायरगाडीवर होतेच. आख्ख्या कारखान्याला संगणक एकच. शेती विभाग, टाइम ऑफिस, स्टोअर आणि वजनकाटा, सगळ्यांचे टर्मिनल त्यालाच जोडलेले. कुणी एकानं मोठं काम लावलं की बाकीच्यांचे पडदे थिजायचे. काट्यावर वजनाची पावती निघायची नाही, पावतीशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. बैल जुवाखाली ताटकळत उभे आणि कचरूमामा गाडीखाली पोतं अंथरून पडलेले. मग तू आलास आणि पहिल्याच हंगामात वाटणी केलीस. संगणकावर चालणारं प्रत्येक काम कुठल्या तरी प्रोजेक्टच्या नावावर पाहिजे, आणि त्या नावाला एका वेळी किती कामं, किती मेमरी, याची मर्यादा पाहिजे. मला काही केल्या कळेना, तेव्हा तू तुमच्या पाथर्डीकडचा पाण्याचा टँकर सांगितलास. टँकर आला की दांडग्यांची पिंपं भरतात आणि म्हातारीचा हंडा कोरडा राहतो, म्हणून कुणाला किती हंडे ते आधीच ठरवून टाकायचं. काट्याला तू सगळ्यात मोठा वाटा दिलास. साहेब किती खवळले होते! तू थंडपणे म्हणालास, साहेब, याद्या उशिरा निघाल्या तर चालतं, बैलांना उशीर चालत नाही. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की काय सांगू. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

दिवाळीत तू नव्या नोकरीवर पुण्याला गेलास आणि आमच्या हुशार मंडळींनी तुझ्या वाटणीतून पळवाट काढली. काट्यावर पाळीपाळीनं माणसं बदलतात, त्यामुळे काट्याचा पासवर्ड सगळ्या कारखान्याला पाठ. आपल्या ऑफिसातल्या मच्छिंद्रनं एकदा सभासदांची यादी टाइम ऑफिसच्या ऐवजी काट्याच्या नावावर चालवून बघितली. चहा यायच्या आत यादी हातात! झालं. मग जो उठेल तो म्हणायचा, काट्याच्या नावावर लाव रे, पटकन होतं. त्यात कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली, प्रत्येक पुढाऱ्याला मतदारांची वेगळी यादी हवी, कुणाला गाववार, कुणाला आडनाववार. साहेबांनीच मुभा दिली. मी भांडले, तर भारतीबाई, कारखाना काय तुमच्या बापाचा आहे का, असं सगळ्यांदेखत त्यांच्याकडून ऐकून घेतलं.

त्या दिवशी दिवेलागणीला काट्यावरचा माणूस धावत आला. पावती निघेना, संगणक नवीन काम घेतच नाही म्हणाला. मी माझ्या टर्मिनलवर काय काय चाललंय ते बघितलं. काट्याच्या नावावर नुसत्या याद्या, चेतन. काट्याची मर्यादा याद्यांनीच भरून गेलेली, आणि काट्याची स्वतःची पावती बाहेर उभी. मी एकेक यादी बंद करत सुटले. मच्छिंद्र ओरडत होता, अहो अध्यक्षांची यादी हाय ती, थांबा! शेवटी पावतीचा प्रिंटर सुरू झाला आणि मी हुश्श केलं. तेवढ्यात फाटकाकडून आरडाओरडा ऐकू आला. गाड्यांची रांग आवार भरून बाहेर डांबरीवर गेली होती. मामांची गाडी शेवटची. ते चाकाला मागून दगड लावायला वाकले होते, आणि धुळीत टेम्पोवाल्याला दिसलेच नाहीत. मी पोचले तेव्हा काही उरलं नव्हतं रे. बैल मात्र तसेच उभे होते.

चौकशीत साहेबांनी सांगितलं की काटा बंद पडला तो चेतननं घातलेल्या मर्यादेमुळे. मामांच्या जलदान विधीच्या दिवशी कुणीतरी ते तुझ्या कानात ओतलं, आणि तू कुणाशीही न बोलता पुण्याची एसटी धरलीस. अरे, तूच शिकवलेलं तुला मी शिकवायचं का? मर्यादा नसती तर याद्यांनी काट्यासकट सगळा संगणक गिळला असता, पूर्वी गिळायच्याच की. म्हातारीच्या नावावर दुसऱ्यांनीच पिंपं भरून नेली आणि म्हातारी तहानेनं गेली, तर हंडे ठरवून देणारा खुनी होतो का? हेच मी चौकशीत बोलले, लिहूनही दिलं. त्याचं बक्षीस म्हणून माझी स्टोअरला बदली झाली. आता नट-बोल्ट आणि ग्रीसचे डबे सांभाळते. काट्याचं वेगळं प्रोजेक्टही काढून टाकलं, सगळं पुन्हा एकाच ढिगात. पुन्हा गाड्या खोळंबतात. तुझी मर्यादा कशासाठी होती ते आता गाडीवानांना कळतंय, साहेबांना नाही.

तुझी आई, भागिरथीमामी, मात्र हंगामभर इथेच राहिली. उसाच्या फडात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मामा गेल्यावर मुकादम म्हणाला, अर्ध्या कोयत्याचं मी काय करू? तेव्हा टोळीतल्याच दगडाबाई पुढे झाल्या, त्यांचेही मालक मागच्या साली गेलेले. दोघी विधवांनी मिळून एक कोयता केला. एक तोडते, एक मोळ्या बांधते. सुट्टीच्या दिवशी मी टोळीच्या तळावर जाते, मामींच्या पाचटाच्या कोपीत बसते. एकदा चुलीपुढे आपणहून म्हणाल्या, माजं पोरगं काट्यावर हुतं तवर आमचं मालक दिस बुडायला कोपीवर यायचं, येता येताच म्हनायचं, पोरानं काटा मोकळा केला बघ, वाढ गरम गरम. त्या हे सांगताना हसत होत्या. तू बापाला काय दिलंस ते त्यांना ठाऊक आहे. तुला एकट्यालाच ठाऊक नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. लिहायला हात धजत नाही, म्हणून इतकं लांबवलं. काल कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. रविवारी सकाळी टोळीचा ट्रक गावाकडे निघेल. काल संध्याकाळी मामी माझ्या खोलीवर आल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, उंबऱ्यातच टेकल्या. म्हणाल्या, भारते, चेतनला एक पत्र टाक. त्याला म्हनावं, तू येत न्हाईस ते मला कळतंय. तू आता लई मोठा झालास, चार मानसांत बसतोस, कोयतेवाली आई सांगायची लाज वाटत आसंल. वाटू दे, मला राग न्हाई. गावाला येऊ नको म्हनावं, इकडं येऊ नको, नोकरी संबाळ, येळेवर जेव. मी त्यांना काय सांगू रे? तुमचा लेक स्वतःला बापाचा खुनी समजून खोलीत कोंडून बसलाय, हे माझ्या तोंडून निघेना. आणि ते मी सांगायचं नाहीच, तू सांगायचं. त्यांनी सांगितलेलं सगळं मी लिहिलं, लिहिलं म्हणून त्यांना सांगेनही. आता माझं ऐक. शनिवारची कुठलीही गाडी धर आणि ये. त्या गावाला चालल्यात ते तुला त्यांची लाज वाटते असं मनाशी धरून.

वाट बघणारी, तुझीच,
भारती